आंबट कमी पडलं

नव्या वर्षाचा सण होऊन महिना झाला होता आणि जमिनीला घाम फुटला होता. आमच्याकडे, उत्तर व्हिएतनामात, या दिवसांत पाऊस पडत नाही, पिठासारखा हवेत तरंगतो. फरशी पुसा, घटकाभरात पुन्हा ओली. भिंतींवरून ओघळ. वाळत घातलेली विजार तिसऱ्या दिवशीही वाळत नाही आणि चौथ्या दिवशी वास मारते. पण चटयांच्या गल्लीला ही हवा मानवते. चटया विणायचा लव्हाळा ओलसर राहतो, मोडत नाही. म्हणून असल्या दिवसांत सगळी गल्ली उजाडायच्या आत मागावर बसते. एकजण फळीवर बसून फणी आपटतो, दुसरा बाजूला उकिडवा बसून लांब काडीनं लव्हाळ्याची एकेक पात ताण्याच्या उभ्या दोऱ्यांतून आत सारतो. पात, धप्प. पात, धप्प. प्रत्येक घराची धप्प निराळी. आंधळ्या माणसानं गल्लीतून चालावं आणि न विचारता सांगावं, हे कुणाचं घर.

होआचच्या घरातली धप्प हिवाळी सुगीपासून बंद होती. चाळीस वर्षं फणी त्याच्या हातात आणि काडी त्याच्या बायकोच्या, लुआच्या हातात. लुआच्या गळ्यात गाठ निघाली. हनोईला नेलं, पस्तीस वेळा गळ्यावर किरणं दिली, गाठ बसली. घरी आली ती छत्तीस किलोची होऊन. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की आता औषध एकच, खाणं. महिन्यानं पुन्हा दाखवायला आणा. वजन आणखी उतरलेलं असलं तर मात्र आमच्या हातात फारसं काही उरणार नाही.

आणि लुआ खात नव्हती. पेज दिली, कोंबडीचा रस्सा दिला, केळं कुस्करून दिलं. तोंडात घोळवायची आणि वाटीत थुंकायची. शेवटी एक दिवस म्हणाली, खाईन तर मिएनआत्याच्या दुकानातलं खेकड्याचं सार खाईन, तांदळाच्या शेवया घालून. दुसरं काही पुढ्यात आणू नका.

मिएनआत्याला सगळी पेठ आत्या म्हणते. नावेच्या घाटावर तिचं दुकान होतं. दुकान कसलं, एक पातेलं आणि सहा बुटकी स्टुलं. चटया नावेवर चढवून झाल्या की होआच आणि लुआ तिथं बसायचे. लुआ वाडगा तोंडाला लावायची ती शेवटचा थेंब गळ्याखाली गेल्यावरच खाली ठेवायची. मधे कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. पण दोन वर्षांपूर्वी आत्याचे गुडघे गेले, दुकान बंद झालं आणि ती नदीपलीकडे लेकाकडे राहायला गेली. तेव्हा सार करायचं तर घरीच करायला हवं होतं. होआचनं जन्मात चुलीवर चहाच्या पाण्याशिवाय काही उकळलं नव्हतं.

या दिवसांत शेतातला खेकडा बिळात दडून बसतो. बाजारात एकच बाई बिळात कोपरापर्यंत हात घालून काढलेले तीस-चाळीस खेकडे टोपलीत घेऊन बसायची. होआच ते घेऊन आला, धुतले, पाठीची कवचं उचकटली, आतलं केशरी लोणी काडीनं कोरून वाटीत काढलं, उरलेली धडं मीठ घालून दगडी उखळात टाकली आणि कुटायला बसला. धप्प. धप्प. चार महिन्यांनी त्या घरातून आवाज आला म्हणून समोरची खुएताई हातातली पात तशीच घेऊन धावत आली. तिला वाटलं, लुआ काडीला बसली. बघते तर होआच उकिडवा बसलेला, गालावर खेकड्याच्या नांग्यांचे तुकडे चिकटलेले.

ती म्हणाली, "अवो दादा, ह्यो खेकडा हाय, चटई न्हवं. असं ठोकलंसा तर कवचाचं पीठ हुईल आन् वहिनीच्या नरड्यात बसंल."

तसंच झालं. पहिल्या दिवशी सार दाताखाली कचकचलं. दुसऱ्या दिवशी कूट पाण्यात कालवून, फडक्यानं गाळून चुलीवर ठेवलं आणि त्याला राहवेना, पळी घालून ढवळत बसला. वर दह्याच्या थरासारखा यायचा तो गोळा आलाच नाही, नुसता चुरा झाला. तिसऱ्या दिवशी हात बांधून बसला. गोळा वर आला. टोमॅटो घातले, चरबीत कांदा परतून ओतला, आंबटाला दुकानातल्या बाटलीतलं व्हिनेगर घातलं आणि वाडगा घेऊन आत गेला. लुआनं दोन चमचे तोंडात घेतले, गिळले आणि म्हणाली, आंबट कमी पडलं.

त्यानंतर रोज दोन चमचे आणि रोज एक खोट. आज आंबट कमी. आज आंबट झालं, पण घसा चिरतंय. आज खेकडा पाणचट. आज पुन्हा आंबट कमी. खोट सांगितली की होआचचा चेहरा उजळायचा. मुकादमानं काम नेमून द्यावं तसा तो ती खोट घेऊन बाहेर यायचा आणि खुएताईला सांगायचा की आज फक्त आंबट राहिलं, बाकी सगळं जमत आलं. खुएताई पात सारता सारता म्हणायची, जमंल दादा, फणी शिकायला बी तुमाला तीन वरसं लागली व्हती. तो हसायचा. पण लुआला मोरीकडे उचलून नेताना त्याच्या दंडाला रोज कळत होतं. लव्हाळ्याची जुडी ओली आहे की सुकी, हे वजनावरून ओळखण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याला तराजूची गरज नव्हती.

दाखवायला न्यायला सहा दिवस उरले, तेव्हा तो नाव धरून पलीकडे गेला.

मिएनआत्या लेकाच्या ओसरीवर गुडघ्यांना आल्याचा लेप लावून बसली होती. त्यानं विचारलं, सार कसं करायचं तेवढं सांगा. आत्या म्हणाली, सांगून हात येत असता तर माझी सून सुगरण झाली असती. मग तिनं विचारलं, आंबटाला काय घालतोस. बाटलीतलं, असं तो म्हणाल्यावर आत्यानं तोंड असं केलं की जणू त्यानं सारात रॉकेल ओतलं होतं. काठी टेकत ती आत गेली आणि पलंगाखालून एक मडकं बाहेर ओढलं. तांदळाची दारू गाळल्यावर जो चोथा उरतो, तो त्यात आंबत होता. सासूनं दिलेलं मडकं. त्याला आठवड्याला मूठभर नवा चोथा खायला घालावा लागतो, नाही तर ते मरतं.

"दुकान मिटलं म्हनून पोराला उपाशी ठिवायचं व्हय?" आत्या मडक्यावर थाप मारत म्हणाली. "परवा येते मी. लेक फटफटीवरनं सोडंल."

होआचनं एकच अट घातली. लुआला कळता कामा नये. कळलं तर ती भिडेखातर खाईल. त्याला भिडेखातर नको होतं, खरं खाल्लेलं हवं होतं.

परवाच्या दिवशी आत्या मडकं मांडीवर घेऊन आली. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, त्याच्या आणि लुआच्या खाटेच्या मधे चटईचा नुसता आडोसा. त्यामुळे आत्या एक शब्द बोलली नाही, सगळं खुणांनी. खेकड्यांचा वास घेतला, त्यातले पाच उचलून फेकले. उखळ आपल्याकडे ओढलं. तिच्या कुटण्याला धप्प नव्हतीच. मुसळ हलकं पडायचं, मग जागच्या जागी फिरायचं, दगडाला घासल्यासारखा आवाज यायचा, मग ती थांबायची, मग पुन्हा. होआच डोळे फाडून बघत होता. पातेलं चढल्यावर त्याचा हात सवयीनं पळीकडे गेला, तर आत्यानं त्या हातावर फाडकन चापट मारली. गोळा वर आला तो तव्यावर फुगलेल्या भाकरीसारखा एकसंध. मग तिनं मडक्यातलं ओतलं. होआचनं चमचाभर चाखलं आणि त्याचे कान तापले. तोच नावेचा घाट, तेच बुटकं स्टूल. इतके दिवस आपण काय शिजवत होतो, हे त्याला त्या एका चमच्यात कळलं.

वाडगा घेऊन तो आत गेला. आत्या आडोशामागे भिंतीला धरून उभी राहिली.

लुआ उठून बसली. एक चमचा घेतला. दुसरा घेतला. तिसरा. चौथा. मग मोठ्यानं, आजारी माणूस बोलत नाही इतक्या मोठ्यानं म्हणाली, "जमलं. आज जमलं, सेनचे बा. मिएनआत्याच्या हातचंच जनू."

सेन त्यांची मुलगी. दक्षिणेत कारखान्यात असते. दोघं एकमेकांना तिच्याच नावानं हाक मारतात.

आडोशामागे आत्यानं डोक्याच्या रुमालानं डोळे पुसले. होआच बाहेर आला. आत्यानं मडकं त्याच्याकडे ढकललं आणि आठवड्याला मूठभर अशी बोटांनी खूण केली. गल्लीच्या तोंडाशी तिला फटफटीवर बसवताना मात्र तिचा आवाज फुटला, म्हणाली की दोन वर्षांत आज पहिल्यांदा गुडघे दुखले नाहीत. खुएताईनं हे ऐकलं आणि दुपार व्हायच्या आत साऱ्या गल्लीला कळलं, लुआनं खाल्लं.

होआच परत आत आला. वाडगा मघाशी होता तितकाच भरलेला होता. त्यानं चमचा पुढे केला. लुआनं ओठ मिटले.

"किती चमचे झाले?" तिनं विचारलं.

"चार."

"ते चार आत्यापायी. म्हातारी गुडघं धरून आली व्हती."

होआच म्हणाला, कोण म्हातारी, कुणी सांगितलं तुला?

"चाळीस वरसं तुमची फणी ऐकतीया मी. आज कुटनारा हात तुमचा न्हवता. मुसळ फिरवून थांबायचं, ते आत्याचं. घाटावर बसून ऐकलंय की."

तो खाटेच्या कडेला बसला. त्यानं विचारलं, "मग चव?"

"ओल्या राखेगत."

"आन् कालचं?"

"त्ये बी राखच. पयल्या दिवसापासनं सगळं तसलंच."

"मग आंबट कमी, घसा चिरतंय, खेकडा पानचट, ह्ये काय व्हतं?"

लुआनं वाडगा बोटानं दूर सारला. "मला वाटायचं, तुमचाच हात वाईट हाय. जीभ जाग्यावर आसंल, सारच बरं न्हाई. म्हनून हुडकून हुडकून खोट काढायची." मग म्हणाली, "तुमचा हात वाईट व्हता तवर बरं व्हतं."

होआच म्हणाला की डॉक्टर म्हणाले होते, किरणांनी चव जाते, काही महिन्यांनी परत येते. लुआ व्हय म्हणाली. रडक्या पोराला म्हणावं तसं. काही महिने छत्तीस किलोतून वजा करता येत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि आता ती छत्तीसचीही राहिली नव्हती.

"खावा तुमी ते," ती म्हणाली. "आत्याच्या हातचं वाया घालवू नगा. सकाळपासनं तुमच्या बी पोटात काय न्हाई."

तो नको म्हणाला. तिनं पुन्हा सांगितलं. मग त्यानं तिच्यासमोर बसून तो वाडगा खाल्ला. पहिल्या घोटाला त्याला वाटलं, गिळवणार नाही. पण भूक लागली होती आणि सार फार चांगलं झालं होतं. शेवया संपल्या, गोळा संपला, आणि शेवटी त्यानं वाडगा उचलून तोंडाला लावला आणि तळाचा थेंबही सोडला नाही. खाली ठेवताना त्याचं लक्ष गेलं, लुआ टक लावून त्याच्या गळ्याकडे बघत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं नजर काढून घेतली.

बाहेर गल्लीत माग चालले होते. खुएताईकडची धप्प आज जरा जोरात होती.

"माळ्यावरचा लव्हाळा कवा बघितला?" लुआनं विचारलं. "असल्या हवंत बुरसून जाईल समदा. काढून झाडून ठिवा."

होआचनं वाडगा धुतला. उखळ धुतलं. मडक्यावर फडकं बांधून ते कोपऱ्यात सारलं. मग भिंतीला शिडी लावून तो माळ्यावर चढला आणि जुड्या एकेक करून खाली घेतल्या. ओसरीवर कोरडं पोतं अंथरलं, दोऱ्या सोडल्या आणि पाती झाडून, सुक्या फडक्यानं पुसून उलट्या बाजूनं पसरायला सुरुवात केली. तळाच्या जुडीला बुरशी लागली होती. ती त्यानं बाजूला काढून ठेवली आणि दुसरी सोडली.