अंगात आलं म्हणे

कोर्टात नकलांच्या टेबलावर बारा वर्षं बसलं की माणूस संशयी होतो. अंबडच्या कोर्टात माझं तेच काम. शपथेवर सांगणारी माणसं रोज बघते, त्यामुळे शपथेवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी भर दुपारी त्याच टेबलावर छाती आवळून आली, हातापायांना मुंग्या आल्या, आता मी जाते असं वाटलं, आणि डॉक्टरांनी कार्डिओग्राम हातात देऊन "हृदय ठणठणीत आहे" म्हटलं, तेव्हा मला पहिला संशय त्या मशीनचा आला. जालन्याला जाऊन दुसरा काढला. तोही चांगला निघाला. मग मला दोन्ही डॉक्टरांचा संशय आला.

तिसरे डॉक्टर मनाचे. हे भीतीचे झटके आहेत, पॅनिक अटॅक म्हणतात, यानं माणूस मरत नाही, असं त्यांनी सांगितलं. रोजची एक गोळी दिली आणि झटका आला की श्वास हळूहळू सोडायला शिकवलं. नवऱ्याकडून मी वचन घेतलं, आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, यातलं अक्षरही कळता कामा नये. आमच्या गल्लीत एका बाईला अशाच गोळ्या चालू होत्या. घरचे लोक तिला तोंडावर 'येडी' म्हणायचे, आणि तिच्या पोरीला बघायला आलेले पाहुणे चहा न घेता उठून गेले. माझी पोरगी दहावीत होती. मला मरणापेक्षा त्या शब्दाची भीती जास्त वाटायची.

गोळ्या मी साबुदाण्याच्या डब्यात लपवायचे. पण आत्याबाई भाजी निवडता निवडता माझ्याकडे बघत बसायच्या, मी मान वर केली की मेथीकडे बघायच्या. एकदा न्हाणीत झटका आला. नळ सोडून मी खाली बसून राहिले. बाहेर आले तर त्या दारातच उभ्या. "लई येळ लागला," एवढंच म्हणाल्या. साबुदाण्याचा डबाही मला कधी कधी सरकलेला वाटायचा. नवरा फुटलाय, असं मी धरूनच चालले.

नवरात्रात त्यांनी पिंपळगाव रेणुकाईला जायचं काढलं तेव्हा तर माझी खात्रीच पटली. सुनेला देवीपुढं उभी करायची आणि बाहेरचं काही आहे का ते बघायचं, हा त्यामागचा डाव. "नुसतं दर्शन घेऊन जल्दी परत येऊ," नवरा म्हणाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालं होतं. तरी गेले.

आरतीला ही गर्दी. झांजा, संबळ, कापराचा धूर, मागून रेटा. दार किती लांब आहे ते मी वळून बघितलं आणि तिथंच चुकलं. छाती आवळली, दात वाजायला लागले, सगळं अंग थरथरायला लागलं. मी पडणार तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आली, आई आली." बाया दोन्ही बाजूंना सरकल्या. कुणी माझा अंबाडा सोडला, कुणी कपाळभर मळवट भरला, कुणी ओटीत नारळ टाकला. हिरव्या लुगड्यातली एक बाई पाया पडून विचारायला लागली, "आई, माह्या लेकीचं यंदा जमंल का?" मी श्वासासाठी मान वरखाली करत होते. तिनं तो होकार धरला आणि ती रडायला लागली.

सगळ्या बाया वाकल्या, आत्याबाई तेवढ्या वाकल्या नाहीत. सुनेच्या अंगात देवी आलीय आणि ही बाई हात जोडत नाही, एवढं त्या अवस्थेतही माझ्या ध्यानात आलं. बायांना बाजूला सारत त्या आल्या, दंडाला धरून मला देवळामागच्या ओट्यावर नेलं, मनगटांवर तांब्यातलं पाणी सोडलं. मग कानाशी म्हणाल्या, "दम आत वढू नको. बाहीर सोड. धा मोजून सोड."

हे तर डॉक्टरांचं वाक्य. श्वास जरा बसल्यावर मी पहिलं हेच बोलले, "तुम्ही माझे कागद बघितले."

"मला कुठं वाचता येतं?"

"मग ह्यांनी सांगितलं."

"त्यो कशाला सांगतोय." त्या माझ्याशेजारी बसल्या. "मला बी व्हायचं हे. पैल्यांदा झालं तव्हा चुलीपुढंच पडले. तुझी आजेसासू म्हणली, देवी हाय. मंग दर मंगळवारी पाटावर बसवायच्या, बाया पाया पडायच्या. मला बराबर कळायचं, देवीबिवी न्हाई, जीव घाबरून राह्यला. पण देवी न्हाई म्हणलं असतं तर मंग मी कोण? येडीच की. दम सोडायचं माह्यं मीच शिकले." त्यांनी माझ्या कपाळावरचं कुंकू पदरानं पुसलं. "तुझं तोंड पांढरं पडतंय, साल झालं बघून राह्यले. कसं इचारावं तेच कळंना."

मला फार लाज वाटली. वर्षभर मी जिला पोलीस समजत होते, ती मला सोबत करायला बघत होती. तरी खोड कुठं जाते? गोड बोलून ही माझ्याकडून काही वदवून तर घेत नाही ना, असंही एकदा मनात येऊन गेलं.

"तिकडं बाया बसल्यात," त्या म्हणाल्या. "देवी म्हणून गेलीस तर जन्मभर तुला कुणी येडी म्हणणार न्हाई. पण मंग तुझं माह्यासारखं व्हईल. काय ते तूच ठरव."

मी गेले. हिरव्या लुगड्यातली बाई वाटच बघत होती. मी तिला सांगितलं, बाई, ही देवी नव्हती, मला घाबरण्याचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत, तुमच्या लेकीचं मला काही कळत नाही. सगळं बोलले. आमच्या भावकीतल्या दोघी शेजारीच उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. बाईनं डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "आई परीक्षा बघती," असं म्हणून ती पुन्हा माझ्या पाया पडली. माझ्यापेक्षा संशयी माणूस मला त्या दिवशी भेटलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे माझी तारीख होती. आत्याबाई सकाळीच चांगलं लुगडं नेसून तयार. "तुला सोबत," म्हणाल्या. माझं तपासून झालं, मी उठले, त्या उठेचनात. पदर सावरून डॉक्टरांना म्हणाल्या, "आता माह्यं बघा."

म्हणजे झटके अजून येत होते. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून होतंय?

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, मग सोडून दिलं. "थोरला पोटात व्हता तव्हापासून."

थोरला म्हणजे माझा नवरा. त्याला आता सेहेचाळिसावं चालू आहे.