साडूच्या बॅटरीवर पुण्याला

निमगाव केतकीहून सकाळी निघालो तेव्हा शेजारच्या सीटवर सासरे होते आणि मी कधी नव्हे तो खुशीत होतो. आठ वर्षं विनवण्या केल्यावर आबा पहिल्यांदाच आमच्याकडे पुण्याला राहायला येत होते. एरवी त्यांचा मुक्काम थोरल्या मुलीकडे, म्हणजे माझ्या साडूच्या मळ्यावर. मला ते अदबीनं 'जावईबापू' म्हणतात, साडूला नुसतं 'दत्ता'. त्या नुसत्या 'दत्ता'वर मी किती जळतो, ते माझं मलाच ठाऊक.

डाळिंबाच्या बागा संपून ऊस सुरू झाला, तेवढ्यात आबांना ओळखीचे एक तात्या दिसले. गाडी थांबवली. तात्या खिडकीशी टेकून बोलू लागले. सासऱ्यांची बडदास्त म्हणून मी इंजिन बंद करूनही पंखा आणि भजनं चालूच ठेवली. बॅटरी जुनी झालीय, हे मेकॅनिकनं दोनदा सांगितलं होतं. पाऊण तासानं तात्या गेले आणि मी किल्ली फिरवली, तर नुसतं टकटक.

आबांनी लगेच स्वतःच्या फोनवरून दत्ताला बोलावून घेतलं.

"येतोय त्यो," ते म्हणाले. "मी बी त्याच्यासंगं माघारी जातो आता. पुण्याचं बघू फुडं कवातरी."

घरी बायकोनं, सुनीतानं, वडिलांसाठी खोली आवरून ठेवली होती. दत्ता यायच्या आत गाडी चालू झालीच पाहिजे, असं मी मनाशी ठरवलं. समोरून उसाच्या मोळ्यांनी भरलेला ट्रक आला, त्याला हात केला. ड्रायव्हर भला माणूस होता.

"लावा की आपल्या बॅटरीला," तो म्हणाला. "पर जमतंय का बघा, आपल्याला म्हाईत न्हाय."

डिकीतल्या जंपर केबलचं पाकीट मी तिथंच पहिल्यांदा फोडलं. लाल चिमटा माझ्या बॅटरीला लावला आणि दुसरा ट्रककडे नेणार, तोच मागे पिकअपचा ब्रेक करकचला.

"पाव्हणं, थांबा!" दत्ता ओरडत उतरला. "ट्रक चोवीस व्होल्टचा, तुमची गाडी बाराची. सगळी वायरिंग जळंल!"

मी चिमटा सोडून बाजूला झालो. त्यानं पिकअप माझ्या गाडीसमोर आणली, पण टेकू दिली नाही आणि इंजिन बंद केलं. लाल चिमटा माझ्या प्लसला होताच, दुसरा लाल त्यानं पिकअपच्या प्लसला लावला. मग काळा पिकअपच्या मायनसला. उरलेला काळा मी हौसेनं माझ्या बॅटरीच्या मायनसकडे नेला, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"तितं न्हाय. हितं, इंजिनच्या ह्या उघड्या नटावर. बॅटरीतनं गॅस निघतोय, ठिणगी लांब पडल्याली बरी."

पिकअप पाच मिनिटं चालू ठेवून तो म्हणाला, "आता मारा किल्ली." गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. चिमटे त्यानं उलट्या क्रमानं काढले, एकमेकांना टेकू न देता. मला तो हसला नाही. हसला असता तर निदान चिडता तरी आलं असतं.

आबा खाली उतरून पिकअपच्या दाराला हात घालत होते.

"आबा, तिकडं कुठं?" दत्ता म्हणाला. "जावा पुण्याला. सुनी वाट बघत आसंल. अन् पाव्हणं, बारामतीपतुर इंजिन बंद करू नका."

आबा वळून माझ्या गाडीत बसले. मी त्यांना आठ वर्षं विनवत होतो, दत्तानं एका वाक्यात पाठवलं. मी आभार मानले, पण आतून कडूझार झालो होतो.

बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्यावर नवी बॅटरी बसवून घेतली. चहा, भेळ, आबांना खिडकीपाशी ऊन लागतंय का, सगळं मी विचारत होतो. ते हं हं करत होते.

दुपारी घरी पोचलो. सुनीतानं दारातच वडिलांना वाकून नमस्कार केला. "प्रवास नीट झाला ना, आबा?"

"झाला की," आबा म्हणाले. "दत्तानं धाडलं म्हून आलो."

मी त्यांची पिशवी घेऊन मागे उभा होतो. ते खोटं असतं, तर मी ऐकून घेतलं नसतं; पण ते खरंच होतं.