टोपणावरचं पितळी कडं

इथले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांच्या शेवटी मनातल्या मनात ‘संदर्भ?’ असं लिहून पुढे जातो. मी निगडीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. ज्याचा आधार दाखवता येत नाही ते न मानण्याची सवय नोकरीनेच लावली. आज माझ्या लिखाणाखाली कुणी तोच शब्द लिहिला तर माझ्याकडे उत्तर नाही... हे आधीच सांगून ठेवतो.

बाबा भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टर्नर होते. तीस वर्षं एकच लेथ. गेल्या वर्षी ते गेले. फोटो आहेत, पण हलते-बोलते बाबा म्हणाल तर एकच व्हिडिओ – एकोणीस सेकंदांचा. माझ्या धाकट्या बहिणीने, सुनीताने, तिच्या पहिल्या मोबाइलवर काढलेला. त्या काळचे मोबाइल तुम्हाला आठवत असतील. टीव्हीवर लावला की बाबांचा चेहरा म्हणजे सात-आठ तपकिरी चौकोन.

तो व्हिडिओ खंडेनवमीचा आहे. त्या दिवशी कंपनीत मशीनची पूजा असते आणि घरच्यांना आत सोडतात. एरवी गेटवर डबा देऊन परत फिरणारी बायकामुलं त्या दिवशी नवे कपडे घालून मशीनींमधून हिंडतात. मी तेव्हा कॉलेजात होतो. दहावीला निबंधस्पर्धेत मिळालेलं मरून रंगाचं शाईचं पेन माझा जीव की प्राण होतं. त्याच्या टोपणाची कड चिरली होती, तरी मी तेच वापरायचो. आदल्या दिवसापासून ते सापडत नव्हतं. बाबांनी नेल्याचं सुनीताने कंपनीच्या गेटवर सांगितलं. बाबा आम्हाला घ्यायला बाहेर आले तसा मी सगळ्यांसमोर तडकलो.

“माझं पेन तुम्ही घेतलंत?”

“व्हय. काल आणलं.”

“विचारायचं तरी! तेलाचे हात लावून ठेवले असतील. तुम्हाला काय कळणार त्यातलं?”

बाजूला त्यांचे सोबती उभे होते. त्यातला एक हसला. “तात्या, पोरगं लई शिकलं राव तुझं!”

बाबा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. म्हणाले, “पूजा झाली की मशीनपाशी ये. दावतो.”

मी गेलो नाही. दाराजवळच्या बाकावर पुस्तक उघडून बसलो. तिथून त्यांचं मशीन दहा पावलांवर होतं.

व्हिडिओत ते दिसतं. म्हणजे मी दिसत नाही – बाबा दिसतात, फ्रेमच्या बाहेर बघून हात हलवताना. सुनीताचा आवाज येतो, “अय्या, तो काय येत नाही बाबा!” मग तो हात खाली येतो आणि व्हिडिओ संपतो. पेन त्यांनी पुन्हा कधी दिलं नाही. मीही मागितलं नाही. हरवलं असणार, असं मी स्वतःलाच सांगितलं आणि दुसरं वापरायला लागलो.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा सुनीता म्हणाली, “दादा, हल्ली जुने व्हिडिओ स्वच्छ करून देतात. एकदा बाबांचा चेहरा नीट बघू दे मला.” देहूरोडला सलीमभाईंचं दुकान आहे. लग्नाचं शूटिंग करतात, जुन्या कॅसेटीही साफ करून देतात. एका दुपारी मी फाइल घेऊन गेलो.

“सर, आधीच सांगतो,” सलीमभाई म्हणाले, “ह्यात जे नाही ते सॉफ्टवेअर आपल्या मनानं भरतं. अंदाजच की तो. मागं एका आजोबांच्या तोंडात त्यानं बत्तीस दात बसवले होते. घरचे म्हणाले, हे आमचे आजोबाच न्हवं!”

चहा होईतो फाइल तयार झाली. चेहरा... बरा आला होता. डोळे थोडे परके वाटले. पण मी चेहरा बघतच नव्हतो. लेथवर झेंडूची माळ, नारळ, आणि पुढे लाल फडक्यावर मांडलेली हत्यारं – व्हर्निअर, पाना, मायक्रोमीटर. त्यांच्या शेजारी माझं पेन. मरून. टोपणाच्या तोंडाशी चकचकीत पितळी कडं, आणि टोपणावर हळदीचं एक बोट, जरासं तिरकं.

सलीमभाईंनी मोठं करून दाखवलं. “पेन आहे ना सर? हे कडं बघा, कसलं फिनिशिंग आहे!”

पेनाला कडं कधीच नव्हतं. मूळ व्हिडिओ आम्ही लगेच शेजारी लावला. त्या जागी एक गडद रेघ होती आणि बाकी चौकोन. पिवळ्याचा मागमूस नाही.

घरी, चिखलीला आलो आणि आईला विचारलं, “बाबांची हत्यारांची पेटी कुठंय गं?”

“माळ्यावर हाय. रिटायर झाल्यावर आणून ठिवली, ती कुनी उघडलीच न्हाई. का रं?”

पेटी उघडली. सगळ्यात खाली, मशीन पुसायच्या सुतात गुंडाळलेलं पेन होतं. टोपणाच्या चिरेवर घट्ट बसवलेलं पितळी कडं, लेथवर काढलेलं. कडेवरून बोट फिरवलं तरी जोड हाताला लागत नव्हता. वर हळद, वाळून तपकिरी झालेली. तिरकी.

आई दारात येऊन उभी राहिली. “ह्ये व्हय... त्या सनाला लई लवकर गेल्ते. म्हनले, पोराला मशीनपाशी नेतो, गंमत हाय. सांजच्याला आले आन् गपच बसले. मी इचारलं, तर म्हनले, काय न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी पेन घेऊन सलीमभाईंकडे गेलो. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि तीच मूळ फाइल, त्याच सेटिंगवर पुन्हा चालवली. ह्या वेळी त्या जागी दुसरा पाना आला. तिसऱ्यांदाही पानाच.

“अंदाज बदलू शकतो सर, ते चालतं,” ते म्हणाले. “पण पहिल्यांदा त्याला हे सांगितलं कुणी?”

मी शक्यता मांडून पाहिल्या. ते कडं कधीतरी नजरेखालून गेलं असेल आणि मी विसरलो असेन – पण माझं विसरलेलं सॉफ्टवेअरला कसं कळावं? निव्वळ योगायोग म्हणावा, तर हळदीचं बोट? सुनीताला विचारलं, तिलाही कडं बसवलेलं पेन पाहिल्याचं आठवत नव्हतं. ‘संदर्भ?’च्या पुढे मी कोरी जागा सोडतो.

पेनावरची हळद मी पुसलेली नाही. दोन्ही फाइली जपून ठेवल्या आहेत. एकीत पेन आहे, दुसरीत पाना. बाबांचा हात मात्र दोन्हींत अगदी सारखा आहे – तेल पुसून स्वच्छ केलेला, वर उचललेला, दाराजवळच्या बाकाकडे बघून बोलावणारा.