अप्पांच्या हातातला हिरवा दगड

आज विद्यार्थ्यांना दाखवताना लडाखच्या हिरव्या दगडावर पाणी शिंपडलं आणि ओल्या मातीसारखा वास आला. त्या वासानं मला सास्तूरच्या आमच्या घराच्या अंगणात नेलं.

त्र्याण्णवच्या भूकंपात माझी बहीण सुमी घराच्या दगडी भिंतीखाली गाडली गेली, तेव्हापासून माझे वडील, अप्पा, दगडाला हात लावत नसत. मी दगडांचंच शिकते, हे त्यांना खुपायचं. एका सुट्टीत मी असाच हिरवा दगड त्यांच्यापुढं ठेवला.

“अप्पा, हा जमिनीच्या लई खोलातला. आधी टणक होता. भेगांतून पाणी शिरलं अन् आतून बदलला. बघा, साबणासारखा लागतो.”

“दगड बी बदलतो व्हय?”

त्यांनी तो उचलला आणि अंगठ्यानं कितीतरी वेळ चोळला. मग म्हणाले, “सुमीला दाखवला असतास.”

त्यांनी दगड हातात घेतला, म्हणजे आता शिकायला मोकळीक मिळाली, याचाच तेव्हा मला आनंद झाला. तो दगड उचलणं त्यांना किती जड गेलं असेल, ते मला स्वतःला मुलगी झाल्यावर कळलं.