नथ्थूजींच्या ऐनापेटीचा चोरकप्पा

घाटंजीच्या बाजारामागे नथ्थूजी सुतारांचं दुकान होतं. दुकान कसलं, चार टिनं आणि खाली भुसाच भुसा. पण गावात पोरगी लग्नाची झाली की तिची आई सोनाराच्या आधी इथं यायची, ऐनापेटी सांगायला. ऐनापेटी म्हणजे सागवानाची हातभर लांब पेटी. झाकण उघडलं की आतला आरसा उभा राहायचा, आणि खाली फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळ, तेलाची शिशी, ज्याचा त्याचा खण. नवरीनं आपल्या वस्तू घेऊन यायचं. नथ्थूजी त्या फळीवर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायचे आणि पटाशीनं नेमकी तेवढीच जागा कोरायचे. दुसरीची फणी त्यात बसत नसे. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं कोणी चिडवलं तर नथ्थूजी म्हणत, कांकण घातलेल्या बाईला विचारा.

खरी करामत होती करंड्याच्या खणाखाली. तिथं एक चोरकप्पा असायचा. पेटी देताना नथ्थूजी नवरीला बाजूला घेत, तिचा अंगठा नेमक्या जागी टेकवत आणि एकदाच दाखवत. तिच्या आईलासुद्धा कळू देत नसत. आणि त्यांच्या बापापासून चालत आलेला नियम होता : दिलेल्या पेटीचा चोरकप्पा सुतारानं पुन्हा उघडायचा नाही. दुरुस्तीला आली तरी नाही. हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शेकडो बायांची गुपितं त्यांच्या हाताखालून गेली असतील, पण या माणसानं एकीचंही पाहिलं नाही. लोक याबद्दल त्यांना मान द्यायचे. मीही तेव्हा दिला होता, आता त्याचा राग येतो.

घरात ते आणि लेक सत्यशीला, दोघंच. तिची आई ती पाच वर्षांची असताना गेली. लेकीच्या लग्नात नथ्थूजींनी सहा महिने खपून पेटी केली, आईची जुनी फणी मधल्या खणात बसवली आणि तिचा अंगठा चोरकप्प्यावर टेकवून म्हणाले, "कोणाले सांगता येत नाही ते इथं ठेवत जाय, बाई."

दारव्ह्याकडचं सासर सुताराचंच होतं, पण त्यांनी करवत कधीच खुंटीला टांगून शेती धरलेली. पुढे कापसाची ती वाईट वर्षं आली. दोन साल पराटीनं दगा दिला. तिचा सासरा सदाशिवराव तसा देवमाणूस, पण घरातली माणसं जेवायलासुद्धा खाली मान घालून बसायची. अशा घरात सुनेनं आपलं काही काढायचं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. इकडे लग्नं कमी खर्चात उरकायला लागली, ऐनापेटी यादीतून सगळ्यांत आधी कटली, आणि नथ्थूजींकडे जुन्या पेट्यांची डागडुजीच तेवढी उरली.

पोळ्याला सत्यशीला आली ती पेटी घेऊन. बिजागरी निघाली म्हणाली. नथ्थूजींनी पाहिलं, पेच अर्धे बाहेर आलेले, त्यांच्या डोक्यांवर सुरीचे ओरखडे. जावयानं हात घातलेला दिसते, असं म्हणून ते हसले आणि पेच आवळून दिले. दिवाळीला ती पुन्हा आली, पुन्हा पेटी घेऊन. या वेळी आरशाची पट्टी सुटली होती. नथ्थूजींनी तीही बसवली. लेक दिवसभर दुकानात त्यांच्या हाताकडे बघत बसून राहिली. वाळल्यासारखी वाटली खरी, पण वेचणीच्या दिवसांत कोणती बाई जाडी होते, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

संक्रांतीला तिसऱ्यांदा आली. वाणाचा तिळगूळ बाजूला ठेवला, पेटी बापाच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, चोरकप्पा अडकून राह्यला. तुम्हीच उघडून पाहा न."

नथ्थूजींनी पेटी तिच्याकडे परत सरकवली. "तो तुया हाय, बाई. तिथं सुताराचा हात जात नाही. कप्पा लेकीचा असला तरी नाही. मेणबत्ती घास थोडी, आपोआप सरकन."

तिनं पेटी पदराखाली घेतली आणि दारव्ह्याच्या जीपमध्ये बसली. त्या संध्याकाळी नथ्थूजींना स्वतःचा मोठा अभिमान वाटला. लेकीसाठीसुद्धा नियम मोडला नाही म्हणून.

वैशाखात सदाशिवरावांचा निरोप आला. नथ्थूजी धावत यवतमाळच्या दवाखान्यात पोचले. छातीत गाठ होती, आता फार उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. खाटेवर लेक ओळखू येत नव्हती. सदाशिवराव कोपऱ्यात उभे राहून रडत होते, आम्हाला एका शब्दानं बोलली नाही म्हणत होते. नथ्थूजींनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"काहून नाही सांगतलं, बाई?"

"सांगतलं होतं, बाबा," ती म्हणाली.

तापात बरळते आहे, असं त्यांना वाटलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेरवी झाल्यावर सदाशिवराव स्वतः पेटी घेऊन आले. मूलबाळ नाही, तिच्या माहेरची वस्तू माहेरी असू द्या म्हणाले, आणि चहाही न घेता परतले. नथ्थूजी कितीतरी दिवस पेटीसमोर नुसते बसून राहत. बिजागरीचे पेच बघत. पेच झिजलेले नव्हते, आटे धड होते. आपोआप सुटले नव्हते, कोणीतरी बसून सुरीनं ते सोडवले होते. जावयाचा काय संबंध. हे ज्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, त्या दिवशी त्यांनी बापाचा नियम मोडला.

कप्पा अडकलेला असणार म्हणून त्यांनी अंगठा जोरात दाबला. जोर वायाच गेला. कप्पा अलगद बाहेर आला. त्याच्या दोन्ही कडांना पांढरं मेण घासलेलं होतं, सांगितलं होतं तसंच.

आत चार घड्यांचा एक कागद होता. वर लिहिलं होतं : बाबा, मले छातीत गाठ आली. तुमच्यासमोर तोंडानं सांगाची लाज वाटते. आई असती तर तिले सांगतलं असतं. मले दवाखान्यात न्या. त्याखाली पोळा लिहिलेलं. पुढे दुसऱ्या शाईत, दिवाळी, आणि एवढंच : गाठ मोठी झाली. मग संक्रांत : बाबा, या वेळी उघडा न.

सगळ्यांत खाली आणखी एक ओळ होती, तिला सण नव्हता, अक्षर वाकडं झालेलं. मेण घासलं, बाबा. आता सोपा उघडते.

नथ्थूजींनी कप्पा आत ढकलला आणि पुन्हा उघडला. खरंच सोपा उघडत होता.