शोषखड्ड्यातलं रानडुक्कर

समुद्रपूर तालुक्यातल्या एका शाळेत मी जागतिक नागरिकत्व शिकवते. म्हणजे शाश्वत विकासाची सतरा ध्येयं भिंतीवर लावते आणि मुलांकडून घोकून घेते. या घोकंपट्टीचा मलाच वीट आला, म्हणून पाण्याच्या ध्येयासाठी शाळेमागे पाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा खोदायला घेतला. मुलांचे बापही फावडी घेऊन आले. माणूसभर खोल खड्डा झाला. त्यात दगड भरायचे राहिले, आणि रानडुक्कर पडलं.

मी तेव्हा फळ्यावर वाघ, हरीण, डुक्कर काढून ‘जमिनीवरील जीवन’ हे ध्येय शिकवत होते. बाहेर ओरडा झाला आणि वर्ग रिकामा झाला.

खड्ड्याभोवती माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन उभी होती. डुक्कर सुळ्यांनी माती उकरत वर यायला बघे, की तोंडावर काठी बसे. भरावाचे दगड मुलं खाली भिरकावत होती. सगळ्यांच्या पुढे माझ्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी, सतरा ध्येयं एका दमात म्हणणारी. कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत शिरलेल्या असल्याच एका डुकरानं तिच्या बापाची पोटरी फाडली होती. तेव्हापासून तो पाय ओढत चालतो. मी तिचं मनगट धरलं, तर ती माझ्या हाताला कडकडून चावली. रक्त आलं. तिच्या थोबाडीत द्यावी इतका संताप झाला मला.

तेवढ्यात तिचा बाप काठावर पालथा पडला आणि त्यानं कुऱ्हाड घातली. डुक्कर ओरडायचं थांबलं तरी घालतच राहिला. शेवटी दोघांनी त्याला मागे ओढलं. पहिलीची पोरं भिंतीला धरून ओकत होती.

कोणी फोन केला कोण जाणे, तासाभरात वनखात्याचा माणूस पंचनाम्याला हजर. कोणी मारलं, त्यानं विचारलं. इतका वेळ कुऱ्हाडी नाचवणारे एकमेकांच्या मागे सरकले. मग तो माझ्याकडे वळला.

मी बोलायच्या आत मुलगी त्याच्यासमोर उभी राहिली.

“डुक्कर मेलं तं लगेच आले. माह्या बाबाले फाडलं तवा काऊन नाई आले?”

तेव्हा मी इथे नव्हतो, तो म्हणाला.

मी सांगून टाकलं की कुऱ्हाड हिच्या बापानंच घातली, माझ्या डोळ्यांदेखत. मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं की चावलेला हात पुन्हा ठणकला. पण नागरिकानं खरं बोलावं हे तिला मीच शिकवलं होतं, आणि माझं अजून संपलं नव्हतं.

“लिहायला बसलाच आहात,” मी त्याला म्हटलं, “तर आधी यांचा पाय लिहा.”

बापानं पायजमा वर केला. त्या माणसानं वाकून पोटरीवरचा व्रण पाहिला. मग त्यानं या जखमेसाठी वेगळा कोरा कागद मागितला. मुलीनं आपल्या वहीचं पान फाडून दिलं.