प्रतापअण्णांच्या पायाचं श्राद्ध

आमचे थोरले दीर प्रतापराव यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला, आणि त्यानंतर त्यांना सगळ्यांत जास्त दुखायला लागला तो त्याच पायाचा अंगठा. म्हणजे जो दवाखान्यातच राहिला, तो.

येलहंकाच्या जुन्या भागात त्यांचं लेडीज टेलरचं दुकान. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं, म्हणून मीही अण्णाच म्हणते. आमच्या सासरची माणसं काही पिढ्यांमागे इकडे आली आणि कानडी मुलखात राहून मराठी बोलत राहिली. त्या बोलीला मराठी म्हणायचं की नाही, यावर मी मिरजेकडची असल्यामुळे लग्नानंतर बरीच वर्षं गप्प बसले. अण्णा गप्प बसणाऱ्यातले नाहीत. गिऱ्हाइकाला तोंडावर म्हणायचे, "वजन तुम्ही वाढवता आणि माप माझं चुकतं होय?" तरी बायका त्यांच्याकडेच यायच्या, कारण सांगितलेल्या दिवशी ब्लाउज देणारा शिंपी देवाइतकाच दुर्मीळ असतो. देवाचं मात्र त्यांना वावडं. पितृपक्षाला ते 'कावळ्यांचा सीझन' म्हणत, आणि माझी थोरली जाऊ कमलाक्का कानांवर हात ठेवी.

अण्णांना साखरेचा आजार जुना. म्हैसूरपाक खायचे आणि वर म्हणायचे, गोळी घेतो ती याच्यासाठीच तर. साखरेनं पायांची जाणीव मेली होती. दुकानात खाली पडलेली सुई तळव्यात शिरली आणि अण्णांना पत्ता लागला नाही. चप्पल काढताना रक्त दिसलं, तेव्हा आतून पाय सडत आलेला. असा हा पाय, सुई घुसली तरी हूं की चूं केलं नाही. आणि कापून गेल्यावर बोंबा मारायला लागला.

"अंगठा पेडलवर दाबून बसलाय," अण्णा सांगायचे, "आणि कोणीतरी वरून इस्त्री ठेवलीय. सुटत नाही."

"पण अंगठा आहे कुठं?" अक्का विचारायची.

"ते मला विचारू नको. दुखतोय त्याला विचार."

वरची जखम भरल्यावर आमच्या ह्यांनी त्यांना ऑटोतून दुकानात नेलं. मशीनला मोटर आहे, डाव्या पायानं पेडल दाबायचं असं ठरलं. अण्णा बसले, कापड सुईखाली घातलं, आणि डावा पाय पेडलवर ठेवताच नसलेल्या उजव्याची बोटं अशी आखडली की हातातलं कापड सरकलं. शिवण कापडावरून खाली उतरली. दोन-तीनदा असंच झालं. मग गिऱ्हाइकं न शिवलेली कापडं परत न्यायला येऊ लागली. अक्का म्हणाली, दुकान सोडूया, मशीन देऊन टाकूया. अण्णा म्हणाले, "मशीनबरोबर मलाही दे. भंगारात वजन जास्त भरेल." त्यानंतर ते जेवले नाहीत. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट येत होती आणि ती करायला बसलं की कळ येत होती. म्हैसूरपाक आणला तरी ते हात लावेनात, तेव्हा मी मनातून घाबरले.

आमच्या घरात जसा प्रत्येकाचा देव वेगळा, तशी प्रत्येकाची दुखण्याची गोळी वेगळी. अक्काची गुडघ्याची, ह्यांची कमरेची, माझी डोक्याची. अण्णांनी त्या सगळ्या गोळ्यांना पाळीपाळीनं कौल लावून पाहिला. एकही पावली नाही. शेवटी त्यांना दुखण्यावर इलाज करणाऱ्या डॉक्टर आश्लेषाकडे नेलं. नागपूरची मुलगी, लग्न होऊन इकडे आलेली. तिनं आमच्या गोळ्यांची पिशवी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"काका, या जखमेवरच्या गोळ्या आहेत. लागलं, सुजलं, की शरीर तिथं एक केमिकल सोडतं आणि ते नर्व्हला डिवचतं. ही गोळी ते केमिकल कमी करते. तुमची जखम तर भरली. आता नर्व्ह आपल्या मनानंच ओरडून राहिली. आणि साखर असताना या अशा खाल्ल्या तर किडनी जाईल ना."

"मग गेल्यावर तीही दुखेल का?" अण्णांनी विचारलं.

ती हसली नाही. म्हणाली, पाय गेला तरी मेंदूत पायाची जागा आहे, तिथं तो अजून हजर आहे, म्हणून दुखणं खरंच आहे. तिनं नर्व्ह शांत करणारी गोळी दिली. हळूहळू वाढवायची, रोज घ्यायची, आपल्या मनानं बंद करायची नाही.

अण्णांनी घरी येऊन गोळीचं नाव फोनवर टाकलं. पहिल्याच ओळीत आलं, फिट येणाऱ्यांसाठी. झालं. पाकीट खिडकीतून बाहेर. "पाय गेला ते पुरलं नाही, आता मला डोक्यानंही गेलेला ठरवतायत."

आणि मग ते काहीतरी विचार करत पडून राहिले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ह्यांना म्हणाले, "माझा पाय कुठं नेला रे?"

"दवाखान्यानंच नेला. मी सही केली."

"म्हणजे कचऱ्यात."

"कचऱ्यात कसा? जाळतात, अण्णा."

"मंत्र म्हटले?"

ह्यांनी नकारार्थी मान हलवली. अण्णा शांतपणे म्हणाले, "क्रियाकर्म नाही झालं, म्हणून भटकतोय तो. भीमाचार्यांना बोलवा." उभ्या जन्मात ज्यानं बापाच्या श्राद्धाला खिरीची चव पाहण्यापलीकडे काही केलं नाही, तो हे बोलत होता. अक्का रडायलाच लागली. आनंदानं की भीतीनं, तिलाही सांगता आलं नसतं.

आमचे पुरोहित भीमाचार्य आले, पाटावर बसले, ऐकून घेतलं. म्हणाले, "प्रतापराव, शास्त्रात हप्त्यानं श्राद्ध नाही. माणूस पूर्ण जावा लागतो."

"मी हळूहळू येतोय, आचार्य. पहिला हप्ता स्वीकारा."

"करणारा कोण?"

"मीच. पायाला मूल नाही."

शेवटी अक्काचे डोळे बघून ते कबूल झाले. श्राद्ध म्हणणार नाही, मनाच्या शांतीसाठी दोन मंत्र म्हणतो, भात ठेवतो, बस. आम्ही अण्णांना धरून गच्चीवर नेलं. भाताचा गोळा केळीच्या पानावर ठेवला आणि कावळ्याची वाट बघत उन्हात उभे राहिलो. एक कावळा पाण्याच्या टाकीवर बसला होता. खाली येईना.

गेलेल्याची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, हे सगळ्यांना माहीत. पण पायाची इच्छा काय असणार? अक्का पुढे होऊन हात जोडून म्हणाली, "तुझी उजवी चप्पल मी टाकणार नाही." कावळा हलला नाही. हे म्हणाले, "गोड खाऊ देणार नाही त्यांना." कावळा उडून शेजारच्या गच्चीवर गेला. अण्णा म्हणाले, "बघ, त्यालाही ते पटलं नाही." मी रोज देवापुढे दिवा लावते, पोथी वाचल्याशिवाय जेवत नाही. तरी मला हसू आवरेना. वरून बघणाऱ्यालाही आवरलं नसणार.

तेवढ्यात कुठूनसं एक कबुतर आलं आणि निवांतपणे भात खाऊ लागलं.

"चालतं का?" अक्कानं विचारलं.

"चालत नाही," भीमाचार्य म्हणाले. "पण हाकलूही नका."

अण्णा खुर्चीवर बसले, आणि बसताच कळ आली. तोंड पांढरं पडलं. दोन्ही हातांनी ते लुंगीखालची रिकामी जागा दाबायला लागले. चेष्टा संपली. कळ ओसरल्यावर ते एवढंच म्हणाले, "आचार्य, मला मशीनवर बसायचंय हो."

भीमाचार्यांनी उपरणं बाजूला करून आपली बरगडी दाखवली. फिकट डाग होते. "मला नागीण झाली होती. फोड गेले, कातडी भरली, आणि आग तशीच राहिली. सदरा लागला तरी सहन होईना. अनुष्ठान केलं, लेप लावले. मग डॉक्टरनं गोळी दिली." त्यांनी गोळीचं नाव सांगितलं. अण्णांनी खिडकीतून फेकलेली, तीच.

"तुम्हाला फिट येतात?" अण्णांनी विचारलं.

"मला मंत्र येतात. फिट अजून आली नाही. अहो, फिटेतसुद्धा नसाच पेटतात, त्यांना थंड करणारी गोळी ती. जो गेला तो दुखत नाही, प्रतापराव. राहिलाय त्याला औषध द्या."

मी खाली जाऊन पाकीट शोधलं. जास्वंदीच्या कुंडीमागे पडलं होतं.

गोळीनं पहिले काही दिवस अण्णा भरदिवसा पेंगायचे. उभं राहिलं की गरगरायचं, आणि ते मला म्हणायचे, "सुनंदा, दारू न पिता हे मिळत असेल तर सरी, बरंच आहे की." दोनेक आठवड्यांनी कळांतली धार कमी झाली. पण बोटं आखडलेलीच. डॉक्टर आश्लेषानं मग दुसरं सांगितलं. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा करायचा, डावा पाय आरशात बघायचा, आणि तो हलवायचा. मेंदूला वाटतं उजवाच हलतोय. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण बघा.

दुकानातला मापाचा आरसा ह्यांनी ऑटोत घालून घरी आणला. अण्णा पलंगावर बसले आणि डाव्या पायाची बोटं उघडझाप करत आरशात बघू लागले. अक्का म्हणाली, "काय वेडेपणा." ते बराच वेळ बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "उघडली."

"काय?"

"बोटं. पेडलवरून उठला अंगठा."

त्यांनी डोळे पुसले आणि लगेच म्हणाले की आरसा धुळीनं भरलाय, कोणी पुसत नाही.

ते रोज आरशासमोर बसू लागले, आणि नवरात्राच्या आधी दुकानात परतले. पहिला ब्लाउज माझाच होता. मी जुनंच माप दिलं म्हणून त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, पण दया दाखवली. डाव्या पायाला पेडलचा अंदाज नव्हता, मशीन मध्येच पळायचं, मध्येच अडायचं. बाहीच्या शिवणीवर असताना ते थांबले. कळ आली होती. अक्कानं पिशवीतली गोळी काढली.

"आत्ता वेळ नाही तिची. रात्री," ते म्हणाले. डोळे मिटून बसले, डावा अंगठा वरखाली हलवत राहिले. अक्कानं गोळी परत पिशवीत ठेवली. मग त्यांनी डोळे उघडले, वाकडी गेलेली शिवण उसवली, आणि पुन्हा कापड सुईखाली घातलं.